नवसाची जपानी डीझल

एलिएझर वाक्रूळकरने जपानी डीझल गाडी घेतली, त्याला आता पाच वर्षं होत आली होती. तरी 'ती का घेतली?' असं कोणी विचारलं नाही असा एक आठवडा जात नसे. विचारणाऱ्याचा रोख साधारण असा असे, की घरात म्हैस का बांधली.

खरं तर कारण सरळ होतं. त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात अरबांनी तेलाचा नळ आवळला आणि सरकारने पेट्रोलची कुपनं छापून ठेवली. एलिएझर हीथ्रोवर एअर कार्गोच्या ऑफिसात होता. आयुष्य फॉर्म भरण्यात गेल्यामुळे छापील कागदावर त्याचा फार विश्वास. कुपन छापलंय म्हणजे पेट्रोल संपणारच, हा त्याचा निष्कर्ष. तेवढ्यात त्याच्या वाचनात आलं, की जपानी लोक आता टेम्पोची डीझल इंजिनं चांगल्या घरच्या गाड्यांत बसवतात आणि तोक्योचे टॅक्सीवाले त्यावर जाम खूश आहेत. झालं. कुरोमात्सु कंपनीची बदामी रंगाची डीझल मोटार लंडनजवळच्या हाउन्सलोत, त्याच्या गल्लीत येऊन उभी राहिली. कुपनं कधी वाटलीच गेली नाहीत आणि पेट्रोल सुखाने मिळत राहिलं, हा भाग वेगळा.

ती गाडी सुरू करणं हा एक विधी होता. किल्ली अर्धी फिरवायची आणि आतल्या तारा तापेपर्यंत अर्धा मिनिट गप्प बसायचं. तेवढ्यात एलिएझरची एक लहानशी प्रार्थना म्हणून होई. मग इंजिन खोकायचं, थरथरायचं, आणि गल्लीतल्या समस्त खिडक्यांच्या काचा त्याला साथ द्यायच्या. डीझल भरायला लॉरीवाल्यांच्या पंपावर जावं लागे. तिथे दहा-दहा चाकांच्या धुडांमध्ये ही बदामी गाडी रांगेत उभी राहिली, की लॉरीवाले खाली वाकून आत कोण आहे ते बघत. एलिएझर टाय सरळ करून समोर पाहत राही.

"अहो, गाडी वाईट नाही," त्याची बायको मझल म्हणायची. "फक्त आपण येतोय हे लोकांना फार लवकर कळतं."

एवढ्यावर भागलं असतं. पण अठ्ठ्याहत्तरच्या नोव्हेंबरात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, शुलामीथचं लग्न ठरलं. मुलगा एलिशा, एजवेअरच्या हिलेल चेऊलकरचा. मुलात काही खोट नव्हती. खोट होती ती बापात. हिलेल चेऊलकर पंचवीस वर्षं बेडफर्डशायरमधल्या ॲल्बर्टन या अस्सल ब्रिटिश मोटारकंपनीत नोकरीला होता. तो स्वतः ॲल्बर्टन चालवायचा, ॲल्बर्टनचाच टायपिन लावायचा, आणि जगात दोनच प्रकारच्या गाड्या असतात असं मानायचा: ॲल्बर्टन, आणि चुका.

बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरी शुभकार्य ठरलं, की मलिदा व्हायचा. गूळखोबरं घातलेल्या पोह्यांचं ताट, त्यावर फळं, सगळ्यांनी मिळून प्रेषित एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हणायचं, आणि काही मागायचं, बोलायचं असेल ते त्याच्या साक्षीने. अलिबागेकडे चालत आलेली ही रीत हाउन्सलोतही चालू होती, फक्त पोहे आता साउथॉलहून आणावे लागत. एलिएझरच्या दिवाणखान्यात मलिदा झाला. ताट फिरत होतं. सगळं अगदी गोडीगुलाबीने चाललं होतं, आणि हिलेलने खिडकीतून बाहेर पाहिलं.

"वाक्रूळकर," तो म्हणाला, "लग्नाच्या दिवशी मुलीला आणायला माझी ॲल्बर्टन पाठवतो. नाहीतर तुम्ही नवरी ट्रॅक्टरवरून आणायचात."

सगळे हसले. डॉक्टर पद्माकरसुद्धा हसला. हा शेजारचाच, हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर, पुण्याचा, एलिएझरचा जिवलग. परका हसला तर माणूस सोडून देतो. जिवलग हसला की डोक्यात जातं. एलिएझर उठून उभा राहिला. हातात मलिद्याच्या ताटातला केळ्याचा तुकडा होता, पण आवाज गंभीर होता.

"एलियाहू हन्नाबीच्या साक्षीने सांगतो. शुलामीथ सिनेगॉगच्या दारात उतरेल तर माझ्याच गाडीतून. मी स्वतः चालवीन. नाहीतर मी त्या दारात पाय ठेवणार नाही."

असलं काही माणूस पबमध्ये बोलला, तर सकाळी विसरता येतं. मलिद्याच्या ताटासमोर बोललेलं विसरता येत नाही. मझलने कपाळावर हात मारला नाही, कारण दोन्ही हातांत ताट होतं.

"डॅडी, गाडी तर चांगला आहे," शुलामीथ त्याची बाजू घेत म्हणाली. हाउन्सलोत वाढलेल्या त्या मुलीच्या मराठीत गाडी कायम पुल्लिंगी असे. पण त्या क्षणी सबंध खोलीत तेवढीच एक आपल्या बाजूची आहे, हे एलिएझरला कळलं आणि त्याला भरून आलं.

गाडीला आजवर काही झालं नव्हतं. नवस बोलल्यावर झालं.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी एलिएझरने ती सुरू केली, आणि ती सुरूच राहिली. नुसती सुरू नाही, तर ओरडायला लागली. पाय उचलला तरी वेग वाढतोय, किल्ली काढली तरी वाढतोय, बंद करायची मूठ ओढली तर मूठच हातात आली. एलिएझर एका हातात किल्ली आणि एका हातात मूठ घेऊन अंगणात उभा, आणि गाडी आपली धूर सोडत किंचाळते आहे. गल्लीतले सगळे ड्रेसिंग गाऊन घालून बाहेर आले. इंग्रज माणूस पाच पाच वर्षं शेजाऱ्याशी बोलत नाही, पण शेजाऱ्याची गाडी बिघडली की त्याला कंठ फुटतो. मिसेस हॉजकिन्स म्हणाल्या, फायर ब्रिगेड बोलवा. मिस्टर हॉजकिन्स निवृत्त बस कंडक्टर. ते म्हणाले, दुर्लक्ष करा, कुत्र्याचं असंच असतं, लक्ष दिलं की जास्त भुंकतं. समोरच्या घरातल्या गृहस्थांनी लांबूनच सांगितलं, की महायुद्धात त्यांनी अशाच एका इंजिनाला गोळी घातली होती.

शेवटी पद्माकर धावत आला. "श्वास बंद कर तिचा!" तो ओरडला. "हवा कुठून घेते?" आयुष्यभर लोकांचा श्वास चालू ठेवणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक होती. बॉनेट उघडलं, हवेच्या नळीवरचं झाकण उपटलं, आणि मझलने स्वयंपाकघरातून हाताला लागलं ते आणून दिलं. तो पोळपाट होता. पद्माकरने तो नळीच्या तोंडावर दाबून धरला. गाडी दोनदा गुदमरली आणि गप्प झाली. पोळपाटावर कायमचा एक काळा गोल उमटला. त्यानंतर त्या घरातल्या पोळ्या गोल होऊ लागल्या, असं मझलचं म्हणणं होतं.

मेकॅनिकने निदान केलं. डीझल सोडणाऱ्या पंपात बशीएवढी एक चामड्याची चकती असते. ती इंजिनाला आवर घालते. ती फाटली होती. "पन्नास पेन्सची गोष्ट आहे," तो म्हणाला. "फक्त ती जगात कुठे मिळते, ते मला माहीत नाही."

इथून एलिएझरच्या आयुष्यातला पत्रव्यवहाराचा कालखंड सुरू झाला. ज्या शोरूममधून गाडी घेतली, तिथे तो आधी जाऊन आला. पाच वर्षांत त्या दुकानाची पाटी तीनदा बदलली होती आणि आता तिथे न्हाणीघराच्या फरशा मिळत होत्या. चौकशीअंती समजलं ते असं: डेट्रॉइटच्या एका अगडबंब कंपनीने कुरोमात्सुचा एक तृतीयांश हिस्सा घेतला होता. आता हिस्सा घेतला तो जपानात. त्याने हाउन्सलोतल्या माणसाच्या चकतीला काय फरक पडावा? पण मोठ्या घरात सून आली, की पहिल्यांदा माहेरची भांडी माळ्यावर जातात. अमेरिकन मालकांच्या इथे इंग्लंडात आधीच गाड्या बनत होत्या. तेव्हा घरातल्याच दोन पोरांनी एका पानात जेवू नये म्हणून कुरोमात्सुच्या गाड्या इथे आणणं बंद झालं, आणि आलेल्यांना कोणी वाली उरला नाही.

एलिएझरने तीन प्रतींत पत्रं लिहिली. लंडनच्या आयातदाराने कळवलं की आम्ही आता आयातदार नाही, ब्रसेल्सला लिहा. ब्रसेल्सने कळवलं की डीझल इंजिन म्हणजे व्यापारी वाहन, तेव्हा पत्र योग्य विभागाकडे पाठवलं आहे. योग्य विभागाकडून छापील उत्तर आलं: असा भाग आमच्याकडे नाही. खालची सही वाचता येत नव्हती. डेट्रॉइटचं उत्तर सगळ्यांत देखणं होतं. जाड कागद, निळी शाई. आमच्या धोरणानुसार आपल्या देशात आम्ही डीझल मोटार विकत नाही. सबब आपल्याकडे ती नाही. सबब तिला सुटे भाग लागण्याचं कारण दिसत नाही. एलिएझरने हे पत्र अंगणात उभं राहून वाचलं. समोर गाडी होती. क्षणभर त्याने गाडीला हात लावून पाहिला.

जानेवारीत लॉरीवाल्यांचा संप झाला, बर्फ पडलं, आणि लग्न सहा आठवड्यांवर आलं. पद्माकरची बायको सुलक्षणा म्हणाली, "एलिएझरभाऊ, बोलून गेलात, ठीक आहे. देव काही इतका हिशेबी नसतो."

"देव नसेल," एलिएझर म्हणाला. "व्याही असतो."

मग पद्माकरने मझलच्या मुंबईहून आणलेल्या पर्सचं चामडं ऑपरेशनच्या कात्रीने कापून एक सुबक चकती बनवली. तिच्यावर चालवून बघायला गाडी रस्त्याच्या टोकापर्यंत गेली, बसस्टॉपजवळ पोचली, आणि रांगेतल्या माणसांसमोर पुन्हा किंचाळायला लागली. पाठोपाठ मझल चालत येत होती. तिच्या काखेत पोळपाट होता. तिने तो पद्माकरच्या हाती दिला. बसस्टॉपवरच्या लोकांना हा काय प्रकार आहे ते कळलं नाही, पण बाई अनुभवी आहे हे कळलं. गाडी ढकलत परत आणली. पर्स गेली ती गेलीच.

लग्न फेब्रुवारीतल्या एका रविवारी होतं. आदल्या शुक्रवारी सकाळी जपानहून पत्र आलं. पहिल्या परिच्छेदात हाउन्सलोच्या थंडीबद्दल सहानुभूती होती, दुसऱ्यात तीनदा क्षमायाचना होती, आणि तिसऱ्यात लिहिलं होतं, की आमचं हे इंजिन आता मालकांच्या इच्छेनुसार इंग्लंडमधील आमच्या भगिनी-कंपनीच्या व्हॅनमध्ये बसवलं जातं. चकती त्यांच्या भांडारात आहे. कृपया भेटावे: मिस्टर एच. चेऊलकर, सुटे भाग विभाग, ॲल्बर्टन मोटर्स, बेडफर्डशायर.

एलिएझरने पत्र दोनदा वाचलं. मग मझलला वाचायला दिलं. मग ड्रॉवरमधून 'असा भाग आमच्याकडे नाही' हे जुनं उत्तर काढून सही नीट पाहिली. आता ती वाचता येत होती.

"ट्रॅक्टर म्हणतो!" तो खोलीत येरझारा घालू लागला. "स्वतःच्या कारखान्यात तोच ट्रॅक्टर! आणि माझंच पत्र माझ्याच व्याह्याने परत पाठवलं! मी मेलो तरी त्याच्याकडे मागणार नाही."

"मरू नका, रविवारी लग्न आहे," मझल म्हणाली. "अडला हरी गाढवाचे पाय धरी. फोन तिकडे आहे."

त्याने फोन केला. काय काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं: "चेऊलकर, जपानहून पत्र आलंय. तुमचं नाव आहे त्यात." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुपारी साडेचारला दारात हिलेल चेऊलकर उभा होता. चेहरा उतरलेला, हातात एक छोटं पुठ्ठ्याचं खोकं. खोक्यावर ॲल्बर्टनचा शिक्का, आणि शिक्क्याखालून जपानी अक्षरं डोकावत होती.

"ट्रॅफिक फार होतं," तो म्हणाला.

"आत या," एलिएझर म्हणाला. त्याचा राग अजून जागेवर होता, पण दारात आलेल्या व्याह्याला कुठे उभं करणार?

हिलेल कोट न काढताच बसला. "वाक्रूळकर, मी इंजिन तपासणीवर होतो. बावीस वर्षं. आमचं इंजिन आम्ही बनवायचो. मग वरून ऑर्डर आली, आता इंजिन जपानहून येणार, वर फक्त आपली पाटी लावा. आमचं खातंच बंद झालं. चाळीस माणसं घरी पाठवली. मी म्हातारा, म्हणून मला स्टोअरमध्ये खोकी मोजायला बसवलं. घरी कोणालाच सांगितलं नाही. एलिशालासुद्धा नाही. आणि एक दिवस टेबलावर तुमचं पत्र. तुम्हाला चकती दिली असती, तर तुम्ही विचारलं असतं, ही तुमच्याकडे कशी? मला लाज वाटली हो."

एलिएझरने जे काही बोलायचं जुळवलं होतं, ते सगळं वाया गेलं. समोर बसलेल्या माणसावर त्याला आता रागावता येईना, आणि याचाच त्याला राग आला. "चहा घ्या," तो म्हणाला.

चहा होईतो बाहेर अंधारून आलं आणि मझलने शब्बाथच्या, आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, वाती लावल्या. आता उद्या संध्याकाळपर्यंत गाडी चालवायची नाही, हत्याराला हात लावायचा नाही. हिलेलला एजवेअरला परत जाता येईना. बायकोला फोन करायचा राहिला हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा फोनही करता येईना. दोघे व्याही एका घरात अडकले. टेबलावर खोकं. त्याला कोणी हात लावायचा नाही. शनिवारी शब्बाथ सुटला की मेहंदीला साठ माणसं येणार, आणि रविवारी सकाळी लग्न. गाडी दुरुस्त करायला वेळ असा नव्हताच.

शनिवारी दुपारी पद्माकर आणि सुलक्षणा आले. आता शेजारी हिंदू असला तरी शब्बाथच्या दिवशी त्याला 'एवढं काम कर' असं सांगता येत नाही. तो आपण होऊन करील तर गोष्ट वेगळी. शास्त्रात हे नेमकं कितपत बसतं ते विचारू नये. त्या दोघा व्याह्यांनीही रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, विचारलं नव्हतं.

एलिएझर घसा साफ करून म्हणाला, "आज कसं छान ऊन पडलंय. हात मोकळे करायला अगदी योग्य दिवस."

"मग चल, पार्कात चक्कर मारू," पद्माकर म्हणाला.

"नाही, म्हणजे... बॉनेट उघडं असलं की आतून हवा खेळते."

"या थंडीत? गारठेल ना इंजिन."

हिलेल छताकडे बघत म्हणाला, "टेबलावर खोकं आहे. नुसतंच पडलंय."

"मी उचलून वर ठेवू का?" पद्माकरने विचारलं आणि खोकं खरोखरच कपाटावर ठेवलं. दोन्ही व्याह्यांच्या तोंडून एकदम उसासा निघाला. तीन महिन्यांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

शेवटी सुलक्षणा उठली. "अहो, डॉक्टर झालात पण समोरच्याला काय दुखतंय ते कधी कळलंय का तुम्हाला? त्यांना सांगता येत नाहीये. ते खोकं घ्या आणि गॅरेजमध्ये चला."

मग गॅरेजमध्ये जे ऑपरेशन झालं, तसं त्या गल्लीत पूर्वी झालं नव्हतं. पद्माकर बाह्या सारून पंपाशी भिडलेला. सुलक्षणा पाने हातात देतेय. दाराशी दोन खुर्च्यांवर दोन व्याही, हात मांडीवर, आणि कोणाशीही न बोलता बोलताहेत.

"एखादा शहाणा माणूस असता," हिलेल हवेत बघून म्हणाला, "तर त्याने डावीकडचा स्क्रू आधी काढला असता."

पद्माकरने डावीकडचा स्क्रू काढला.

"शहाण्या माणसाने तो टेबलावर ठेवला असता. खिशात नाही."

पद्माकरने खिशातला स्क्रू बाहेर काढला. हिलेल हळूहळू खुर्चीच्या कडेला सरकला होता. प्रत्येक बोल्ट, प्रत्येक स्प्रिंग त्याला पाठ होती. ज्या इंजिनाला तो जन्मभर ट्रॅक्टर म्हणत आला, ते वर्षभर स्टोअरमध्ये बसून त्याने पुस्तकातून पाठ केलं होतं. का, ते त्यालाच माहीत. एलिएझर त्याच्याकडे बघत राहिला. एवढं जाणणाऱ्या माणसाला खोकी मोजायला बसवणारी कंपनी किती मोठी आणि किती मूर्ख असेल, असं त्याच्या मनात आलं.

चकती बसली. पद्माकरने किल्ली फिरवली, अर्धा मिनिट थांबला, आणि गाडी सुरू झाली. शांतपणे. म्हणजे तिच्या मानाने शांतपणे. "चांगलं इंजिन आहे," हिलेल हळूच म्हणाला आणि नाक पुसलं.

रविवारी सकाळी हिलेल आपल्या ॲल्बर्टनमधून मझलला घेऊन पुढे गेला. मागून बदामी गाडी निघाली. पुढे एलिएझर, मागे पांढऱ्या साडीत, मेहंदी भरलेले हात मांडीवर ठेवून शुलामीथ. मिस्टर हॉजकिन्सनी ड्रेसिंग गाऊनमध्येच सलाम ठोकला.

ग्रेट वेस्ट रोड मागे पडला. दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग, मध्ये काळा ओला रस्ता. एलिएझरचे कान इंजिनाकडे होते. तीन महिने त्याने दुसरं काही ऐकलंच नव्हतं. मुलगी घरात मॅचिंगच्या बांगड्या शोधत होती तेव्हा तो पत्रं लिहीत होता. ती रात्री पायऱ्यांवर बसून रडली, असं मझलने सांगितलं, तेव्हा तो बॉनेटखाली होता.

"डॅडी," मागून आवाज आला, "गाडी बंद नाही ना पडणार?"

"नाही गं. आता नाही पडत."

"ओके." तिने पदर सावरला. "थोडा पडला तरी चालेल."

हँगर लेनच्या चौकात एलिएझरने आरशात पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती, आणि डोळ्यांतलं काजळ बोटाने सांभाळत होती. त्याला एकदम कळलं, की गाडी पोचेल की नाही या काळजीत आपण हे विसरूनच गेलो होतो, की पोचल्यावर आपण परत येणार ते तिच्याशिवाय. त्याने पायाचा जोर कमी केला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या, तरी तो डावीकडच्या लेनमधून दूधवाल्याच्या वेगाने चालवत राहिला.

नॉर्थ सर्क्युलर रस्ता संपला. एजवेअरची पाटी आली. इंजिन अखंड गुरगुरत होतं. रस्ताभर गाडी एकदाही अडखळली नाही. एलिएझरने पुष्कळ वाट पाहिली.